उसना पत्ता

विनया गेली तेव्हा मी नववीच्या वर्गाला इंटरनेटचे पत्ते शिकवत होतो.

फळ्यावर मी एक लांबलचक पत्ता लिहिला होता. आकडे, मध्येच अक्षरं, चार-चारचे गट. मुलं हसत होती, कारण असला पत्ता पोस्टमनला दिला तर तो नोकरी सोडून जाईल असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं होतं. मी सांगत होतो की या पत्त्याचे दोन भाग समजा. पहिला अर्धा भाग म्हणजे वाडी, दुसरा अर्धा म्हणजे घर. प्रोग्राममध्ये एका ओळीत विचारता येतं, हा पत्ता या वाडीतला आहे का? उत्तर येतं खरं किंवा खोटं. तिसरं उत्तर नाही.

तेवढ्यात शिपाई गोताड दारात आला. "सर, तृप्तीवहिनींचा फोन आहे ऑफिसात. रडतायत. काय बोलतायत ते समजत नाय."

तृप्ती माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ मालवाहू बोटीवर असतो, वर्षातून एकदा घरी येतो. तृप्ती आणि माझी बायको विनया, जिला ती बाई म्हणायची, दोघी जावा, ओहोटीला खाडीत जाऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या आणि बाजारात विकायच्या. माझा पगार घरापुरता होता. तरी विनया जायची. तिची आई जायची, आजी जायची, आणि वर्गात बसून पगार मिळतो हे तिला कधीच खरं वाटलं नाही.

"भावजी, बांधाची दारं उघडली," तृप्ती फोनवर म्हणाली. "बाई खालच्या पट्ट्यावर हायत. मी इथून ओरडते, पण मध्ये पाणी भरलं. बांधावर फोन केला तर म्हणतात तिथे कोणी नाय. तुम्ही जा भावजी, तुमचं ऐकतील."

मी स्कूटर काढली आणि खाडीवरच्या बांधावर गेलो.

बांधाच्या नियंत्रण खोलीत मयेकर नावाचा मुलगा ड्यूटीवर होता. माझाच जुना विद्यार्थी. त्याने मला खुर्ची दिली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "सर, घाबरू नका. हे बघा. खालचा पट्टा पूर्ण रिकामा आहे. तो रिकामा नसेल तर दारं उघडतच नाहीत, प्रोग्रामच उघडू देत नाही. आणि काकी इथे आहेत, वरच्या पट्ट्यावर. हा त्यांचा ठिपका, हा तृप्तीकाकींचा. दोन्ही हिरवे."

मी ते दोन ठिपके बघितले आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि प्यालो.

मग तृप्ती आली. छातीपर्यंत भिजलेली, पायाला शिंपल्यांनी कापलेलं. ती एकटीच होती. पडद्यावर विनयाचा ठिपका अजूनही हिरवाच होता, पण आता तो संपर्क तुटल्यासारखा लुकलुकत होता.

"बाई कुठे आहेत म्हणतोस रे?" तिने मयेकरला विचारलं. "वरच्या पट्ट्यावर? वरच्या पट्ट्यावर मी होते. मी एकटी होते."

मयेकरने दारं बंद करायचं बटण दाबलं. दारं मोठी आहेत. ती बंद व्हायला वेळ लागतो.

संध्याकाळी होडीवाल्यांना विनया कांदळवनाच्या मुळांत सापडली. कंपनीची बांगडी तिच्या हातात होती.

*

बांधाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खाडीच्या तोंडावर भरतीच्या पाण्यावर वीज करणारा बांध आहे. पूर्वी भरती हळूहळू चढायची. पाणी घोट्याला लागलं की बायका टोपल्या उचलून निघायच्या. आता ओहोटी झाली की बांधाची दारं बंद होतात. बाहेर समुद्र चढत राहतो, आत खाडी रिकामीच राहते. बाहेरचं पाणी पुरेसं उंच झालं की दारं उघडतात, पाणी जोरात आत घुसतं आणि त्यावर चक्रं फिरतात. यात बायकांचा फायदा झाला, कारण खाडी पूर्वीपेक्षा जास्त वेळ कोरडी राहू लागली. पण पाणी आता हळू येत नाही, एकदम येतं.

म्हणून बांगड्या आल्या. खाडीत उतरणाऱ्या प्रत्येक बाईला कंपनीने एक रबरी बांगडी दिली. "ही काय गो, ना हिरवी ना लाल," विनया पहिल्या दिवशी म्हणाली होती. "राखाडी बांगडी कोण घालतं? म्हैस हरवू नये म्हणून बांधतात तसली आहे." मग घालून बघितली आणि हात नाचवत मला म्हणाली, "आता मी कुठे असते ते तुम्हाला घरबसल्या कळणार. सांभाळून राहायला पाहिजे."

खाडीत चिखल-वाळूचे दोन पट्टे आहेत. वरचा पट्टा गावाच्या बाजूला, उंच. खालचा पट्टा बांधाच्या बाजूला, सखल. दोन्हींच्या मध्ये पाण्याची एक अरुंद पन्हळ. प्रत्येक पट्ट्यावर कंपनीने एक खांब उभा केला आहे. खांब सतत आपल्या पट्ट्याचा आकडा सांगत असतो. बांगडी तो आकडा ऐकते, त्याच्यापुढे स्वतःचा आकडा जोडते, आणि दोन्ही मिळून तिचा त्या वेळचा पत्ता तयार होतो. पहिला अर्धा भाग पट्ट्याचा, दुसरा अर्धा बांगडीचा. मी वर्गात शिकवत होतो तसंच. बाई एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेली की पत्त्याचा पहिला भाग बदलतो.

दारं उघडण्याआधी प्रोग्राम एकेक पत्ता घेतो आणि विचारतो, हा खालच्या पट्ट्यातला आहे का? एकही उत्तर 'खरं' आलं तर त्या बांगड्या थरथरतात आणि दारं बंद राहतात. सगळी उत्तरं 'खोटं' आली तर दारं उघडतात. वरच्या पट्ट्यावरच्या बायकांना निघायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून त्यांच्यासाठी दारं थांबत नाहीत.

विनयासाठी उत्तर 'खोटं' आलं होतं.

*

कंपनीने ग्रामपंचायतीत बैठक घेतली. साहेब वयस्क होते आणि नीट बोलले. त्यांनी मला आधी नमस्कार केला.

"सर, तुमच्या दुःखात आम्ही आहोत," ते म्हणाले. "पण मशीनमध्ये नोंद स्पष्ट आहे. मॅडम वरच्या पट्ट्यावर होत्या. तिथून त्या काही कारणाने पन्हळीत उतरल्या असाव्यात. टोपली वाहून गेली असेल, ती धरायला."

"टोपलीसाठी जीव देणारी बाई नव्हती ती," मागून कोणीतरी बाई म्हणाली.

"मी बघितलं ना," तृप्ती उभी राहिली. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाई खालच्या पट्ट्यावर बसल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून. आम्ही बोलत होतो."

"ताई, घाईगर्दीत, पाण्याच्या आवाजात माणसाला अंतर कळत नाही. तुमचा दोष नाही."

तृप्ती खाली बसली. तिचं तोंड मी बघितलं. आपण बघितलं ते खरं होतं का, असा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला होता.

साहेबांनी सांगितलं की पुढच्या अमावास्येच्या उधाणाला दारं पुन्हा सुरू होतील. प्रोग्राममध्ये चूक नाही, त्यामुळे त्यात बदल नाही. बायकांनी पन्हळीत उतरू नये एवढी पाटी लावली जाईल.

घरी येताना मी एकच गोष्ट मनात धरली. विनया कुठे होती ते मला माहीत होतं, कारण तृप्ती खोटं बोलत नाही. तर मग मशीनला ती दुसरीकडे कशी दिसली? ते कळल्याशिवाय दारं उघडू द्यायची नव्हती. पुढच्या उधाणाला त्या खालच्या पट्ट्यावर कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून बसलेली असणार होती.

*

दोन-तीन दिवसांनी अनुजा ठकार घरी आली. तिशीतली मुलगी, पुण्याची. बांगड्यांचा प्रोग्राम तिच्या गटाकडे होता. कंपनीने तिला पाठवलं नव्हतं. ती सुट्टी टाकून आली होती.

मी चहा केला. साखर कुठल्या डब्यात असते ते मला अजून सापडत नव्हतं, म्हणून गूळ घातला आणि चहा फाटला. तिने तो तसाच घेतला.

"सर, मला एक शंका आहे, पण ती जुळत नाही," ती म्हणाली. तिने लॅपटॉप उघडला आणि मला ती ओळ दाखवली. पत्ता खालच्या पट्ट्याच्या जाळ्यात आहे का, खरं की खोटं. मी वर्गात लिहितो तशीच ओळ होती. "ही ओळ बरोबर आहे. हजारदा तपासली आहे. प्रश्न असा की बांगडीला पत्ता मिळतो कुठून."

"खांबाकडून."

"बहुतेक वेळा. पण पहिल्या वर्षी काय व्हायचं, बाई चिखलात वाकली, हात ओला झाला, की बांगडीला खांब ऐकूच यायचा नाही. मग प्रोग्रामला वाटायचं बाई हरवली, आणि दारं बंदच राहायची. फार वेळा व्हायला लागलं. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही एक सोय केली. खांब नीट ऐकू आला नाही तर बांगडी जवळच्या बांगडीकडून पट्ट्याचा आकडा घेते. एका पट्ट्यावर बायका घोळक्यानेच काम करतात, तेव्हा शेजारणीचा पट्टा तोच आपला पट्टा. असं धरलं होतं आम्ही."

"मग?"

"मग विनयाताईंना वरच्या पट्ट्याचा आकडा मिळायचा असेल तर वरच्या पट्ट्यावरची एखादी बांगडी त्यांच्या अगदी समोर, पन्हळीच्या काठावर असायला हवी. पण सगळ्या बायकांचं काम संपलं होतं. वरच्या पट्ट्यावर फक्त तृप्तीताईंचा ठिपका होता, पण त्याही घराकडे निघाल्या असणार. काम संपल्यावर चिखलात कोण उभं राहील?"

"तृप्ती उभी होती," मी म्हणालो.

"कशाला?"

मला आधी तिचा प्रश्नच कळला नाही. मग मी सांगितलं. आमच्याकडे खाडीत शेवटच्या बाईला एकटं सोडत नाहीत. जिची टोपली आधी भरते ती जोडीदारणीसाठी थांबते. ती काम करत नाही, नुसती दिसेल अशी उभी राहते आणि बोलत राहते. सासूची तक्रार, नवऱ्याची नक्कल, काहीही. आवाज येत राहिला पाहिजे एवढंच. तृप्ती वरच्या पट्ट्याच्या टोकाला येऊन उभी राहिली असणार आणि विनया पन्हळीच्या खालच्या पट्ट्याकडच्या काठाला, आपल्या खांबाकडे पाठ करून बसली असणार. तृप्तीशी बोलायला.

अनुजाने कप खाली ठेवला.

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आम्हीही विचारलं नाही."

मग तिने सावकाश समजावून सांगितलं. पत्ता माणूस कुठे आहे ते सांगतोच असं नाही. माणूस कोणामार्फत बोलतो आहे ते सांगतो. एरवी दोन्ही एकच असतं, म्हणून आपण विसरतो. त्या दिवशी विनया तृप्तीमार्फत बोलत होती.

"तृप्ती नसती तर?" मी विचारलं.

"तर बांगडीला कोणीच ऐकू आलं नसतं. प्रोग्रामने बाई हरवली असं धरलं असतं." तिने लॅपटॉप मिटला. "दारं बंद राहिली असती."

*

हे सिद्ध करायला प्रयोग करावा लागणार होता. कागदावरचं बोलणं साहेब ऐकणार नव्हते. अनुजाने परवानगी मिळवली. एका ओहोटीला दारं हाताने कुलूपबंद करायची आणि दोघांना त्याच जागी बसवून पडद्यावर काय दिसतं ते बघायचं.

जागा फक्त तृप्तीला माहीत होती.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती तिसऱ्या काढायच्या कोयत्या धुऊन पुसून ठेवत होती. ती पुन्हा खाडीत गेली नव्हती. मी तिला प्रयोग सांगितला, कारण सांगितलं नाही. म्हटलं, तू बघितलंस ते खरं होतं हे सगळ्यांना दिसेल.

"माझी बांगडी घालून उभं राहायचं?"

"हो."

"आणि बाईंच्या जागी कोण?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चिखलात? शाळेची पँट घालून?" मग तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. "बाईंनी बघायला पाहिजे होतं."

विनयाची बांगडी मला इस्पितळातून प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळाली होती. जाताना तिला बायकांनी हिरवा चुडा भरला होता, ही तेवढी माझ्याकडे राहिली होती. माझ्या मनगटाला ती बसली नाही. मी सुतळीने बांधली.

खालच्या पट्ट्यावर मी पहिल्यांदाच गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी गेलो नव्हतो. पाय गुडघ्यापर्यंत आत जात होते. काठावर बायका उभ्या राहून मजा बघत होत्या. "सर, पाय ओढू नका, फिरवून काढा," एक ओरडली. "मास्तर तिथेच रुजले तर शाळेला सुट्टी," दुसरी म्हणाली. मला त्यांचं बोलणं बरं वाटलं.

पन्हळीच्या पलीकडे तृप्ती येऊन उभी राहिली. साडी वर खोचलेली, हातात रिकामी टोपली. "अजून पुढे, भावजी. त्या दगडाच्या डाव्या अंगाला. खाली बसा. बाई उकिडव्या बसायच्या. हात पाण्याजवळ."

मी तसा बसलो. खांब माझ्या पाठीमागे होता. समोर तृप्ती.

"आता बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"त्या दिवशी काय बोलत होतात?"

तिने टोपली कमरेला टेकवली. "तुमचंच. तुम्ही झोपेत फळ्यावर लिहिल्यासारखा हात हलवता ते बाई सांगत होत्या. मी इतकी हसत होते की पाण्याचा आवाज मला आधी ऐकूच आला नाही."

बांधावरून अनुजाने हाक मारली. तिच्याबरोबर साहेब होते, सरपंच होते, मयेकर होता. ती दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "सर, पडद्यावर तुम्ही वरच्या पट्ट्यावर आहात!"

मग अनुजाने तृप्तीला मागे जायला सांगितलं. तृप्ती गावाच्या दिशेने चालत गेली, बरीच लांब. माझ्या हातातली बांगडी थरथरायला लागली. दारं बंद, माणूस सापडत नाही. तृप्ती परत पुढे आली. थरथर थांबली.

तिला दोनदा पुढेमागे करायला लावलं. तिसऱ्यांदा ती पुढे आली नाही. लांबच उभी राहिली. हुशार बाई आहे. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

घरी अंगणात पाय धुताना तृप्ती म्हणाली, "तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो."

"म्हणजे मी टोपली भरल्यावर सरळ घरी गेले असते, तर बाई आज असत्या."

मी बरीच उत्तरं तयार करून ठेवली होती. चूक मशीनची आहे, चूक कंपनीची आहे. ती सगळी खरी होती. पण तिने विचारलं होतं ते दुसरंच होतं.

"हो," मी म्हणालो. "दारं उघडली नसती."

तिने तांब्या खाली ठेवला. "आणि मी घरी आले असते, आणि बाईंना मागे एकटीला काही झालं असतं, साप चावला असता, चक्कर आली असती. तर तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"मी तुझ्याशी बोललो नसतो."

"मग मी करायचं काय होतं, भावजी?"

"केलंस तेच."

ती ओट्यावर बसली आणि खूप वेळ रडली. मी तिथेच उभा राहिलो. पुढे जाऊन काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि आत निघून जाणं बरं नव्हतं.

*

साहेबांनी चूक मान्य केली. माणूस वाईट नव्हता. अनुजाने प्रोग्राम बदलला. दुसऱ्या बांगडीकडून घेतलेला आकडा आता पट्टा ठरवायला धरत नाहीत. ज्या बांगडीला खांब थेट ऐकू येत नाही ती खालच्याच पट्ट्यावर आहे असं समजून दारं बंद राहतात. वीज थोडी कमी होते. कंपनीने सोबत एक सूचनाही काढली, की काम संपलेल्या बाईने पट्ट्यावर थांबू नये. बायकांनी ती वाचून घेतली आणि बाजूला ठेवली. त्या थांबतात.

अमावास्येच्या उधाणाला दारं पहिल्यांदा उघडली तेव्हा मी बांधावर होतो. मयेकर दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत होता. एक बांगडी सापडत नव्हती म्हणून दारं अर्धा तास अडली. मग खालच्या पट्ट्यावरून एक म्हातारी टोपली घेऊन सावकाश वर आली, तिची जोडीदारीण तिला शिव्या घालत होती. मग दारं उघडली.

तृप्ती या महिन्यात परत खाडीत जायला लागली आहे. टोपली भरली की ती पन्हळीच्या काठावर जाऊन उभी राहते. आता बोलत नाही, नुसती उभी राहते.

वर्गात मी तो धडा पुन्हा घेतला. वाडी आणि घर असं आता सांगत नाही. पत्ता कोणामार्फत मिळाला ते आधी विचारा, असं सांगतो. मुलांना ते अवघड जातं.

असेच बांध आणखी दोन खाड्यांवर आहेत. अनुजा तिथेही बदल व्हावा म्हणून खटपट करते आहे. तिला सांगण्यात आलं आहे की तिथल्या बायकांची काम करायची पद्धत वेगळी असू शकते, आधी पाहणी व्हायला हवी. पाहणीला अजून कोणी गेलेलं नाही. दोन्हीकडे दारं रोज उघडतात, जुन्याच प्रोग्रामवर. तिथल्या बायका एकमेकींसाठी थांबतात का, हे त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.